डाव्या बाजूचा आवाज

बायको जाऊन आता वरीस होत आलं. तिचे फोटो आहेत. मतदानाच्या कार्डावरचा आहे, पोरीच्या लग्नातला आहे, दवाखान्यात कागदाला लावायला काढला तोही आहे. आवाज मात्र कुठंच नाही. मोबाईल तिनं कधी वापरला नाही. पोरीचा फोन आला की मी तिच्या कानाला लावून द्यायचो. ती दोन्ही हातांनी धरून असं वरडून बोलायची की जसं काय पूर्णेहून परभणीपर्यंत आवाज तिलाच पोचवायचा होता. बोलून झालं की फोन माझ्या हातात. त्यातलं काही कुठं साठलं नाही.

हे मला कळलं उन्हाळ्यात. एकदा सकाळी चूळ भरत होतो आणि मनात आलं, ती मला हाक कशी मारायची? 'आवं' म्हणायची, एवढं माहीत आहे. पण तो 'आवं' कानात येईना. तोंड आठवतं, हातावरचं गोंदण आठवतं, टाचेच्या भेगा आठवतात. आवाज आठवत नाही. मी चूळ तोंडात तशीच धरून उभा राहिलो. सरणापाशी मी रडलो नव्हतो. लोक म्हणले, घट्ट माणूस आहे. त्या दिवशी मोरीच्या दगडावर बसून रडलो, नळ सोडून, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

मंग मला टेपा आठवल्या.

मी रेल्वेत गँगमन होतो. रुळाखालची खडी ठोकायची, पट्टरी बघत कोसभर चालायचं, असलं काम. शाळा चौथीपर्यंत. रविवारी सुट्टी असायची. आमच्या गँगमधले सात-आठ जण दुपारी माझ्या क्वार्टरात जमायचे आणि भजन करायचे. पेटी मी वाजवायचो, म्होरं गायचोही मीच. दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत आमी, मागं चूल. बाईमाणसानं आमच्यात बसायची पद्धत नव्हती. चहा दारातून यायचा.

एकानं हैदराबादहून लांबडा टेप आणून दिला होता, दोन स्पीकरचा. त्याच्या दोन्ही टोकाला बारीक बारीक भोकं होती. ते माईक. मी तो भिंतीपाशी स्टुलावर ठेवायचो आणि आमचं भजन भरून घ्यायचो. स्टुलाच्या डाव्या हाताला आतल्या खोलीचं दार. जागाच तेवढी होती.

टेप चालू झाला की घरात माझं राज. कुणी शिंकायचं नाही. भांडं वाजवायचं नाही. कुकर लावायचा नाही. गाडीनं शिट्टी मारली तर तिला काही म्हणता येत नव्हतं, पण बायकोला म्हणता येत होतं. आतून ताट पडल्याचा आवाज आला की मी भजन थांबवून वरडायचो. सोबतचे हसायचे. "अरे, साहेबाची रेकाटिंग चालू हाय, वैनीला कळत न्हाई का," असं म्हणून मला अजून चढवायचे. आणि मी चढायचो. खरं सांगायचं तर गळा माझा बरा होता, एवढंच. रेडिओवाले बोलवायला यायचे आहेत, असं मी वागायचो.

त्या टेपा बत्तीस निघाल्या. खाटेखालच्या ट्रंकेत, डांबरगोळ्या घालून, एका जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेल्या. मी नव्हत्या बांधल्या. रिटायर झाल्यावर मी त्यांच्या तोंडाकडं बघितलंही नव्हतं. तिनंच ठेवल्या असतील.

टेपचा रबरी पट्टा विरघळून काळा चिकट झाला होता. स्टेशनाजवळ एक रेडिओ दुरुस्त करणारा अजून बसतो. त्यानं दुसरा पट्टा घालून दिला. घरी आणून मी हाताला लागली ती पहिली कॅसेट लावली. खर्रर झालं, मंग मृदंगवाला खोकला. मृदंगवाला जाऊन नऊ वर्षं झाली आहेत. टाळ धरणारे दोघंही गेले. सगळी मेलेली माणसं माझ्या खोलीत येऊन बसली आणि घसा साफ करायला लागली, असं वाटलं. मंग माझा आवाज सुरू झाला, तरणाताठा.

तिसऱ्या भजनात सगळे एकदम मागं म्हणायला लागले तेव्हा डाव्या स्पीकरमधून काहीतरी बारीक आलं. आमच्यातलं नव्हतं. मी उठून स्पीकरला कान लावला. बाईचा आवाज होता. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, लांबचा. भांड्याचा आवाज, आणि त्याच्यामागं ती.

आणि तेवढ्यात टेपनं कॅसेट खाल्ली. आतली पट्टी बाहेर येऊन चाकाला गुंडाळली. मी बटन दाबलं, वायर ओढली, बोटांनी पट्टी सोडवली, पेन्सिल घालून परत आत घेतली. एका जागी चुरगळली ती चुरगळलीच. जसं काय मी तिलाच बाहेर काढायलो होतो. त्यानंतर ती कॅसेट परत लावायची माझी छाती झाली नाही. दर वेळी वाजवली की थोडी झिजणार. जेवढा आवाज आहे तेवढ्यातच तो कुठंतरी उतरवून घ्यायला पाहिजे, एवढं कळलं.

पोरगी परभणीला असते, शाळेवर शिकवते. तिनं पत्ता काढला. परभणीत एका माणसानं घराच्या वरच्या खोलीत स्टुडिओ केला आहे. भिंतीला फोम, दाराला जाड सतरंजी. लग्नाची गाणी, जत्रेची भजनं, निवडणुकीत जीपवर वाजतात त्या घोषणा, सगळं तिथं तयार होतं. चाळिशीचा माणूस, बोलायला गोड. मी कॅसेट त्याच्या हातात दिली आणि म्हणलो, "आवाज उतरून द्या कंप्युटरमधी. खरखर नको. सोच्छ पाहिजे."

हे मी म्हणलो. माझ्या तोंडानं. सवयच तशी.

"बिनघोर ऱ्हा मामा," तो म्हणला. "असा क्लीन करून देतो, काल गायल्यावानी."

आठ दिवसांनी त्यानं बोटाएवढा पेन ड्राइव्ह दिला. पोरीच्या घरी तिच्या लॅपटॉपवर लावला. खरखर नाही, काही नाही. माझा गळा तेवढा चांगला जन्मात नव्हता. पोरगी म्हणली, "दादा, किती छान झालंय की हो." मी तिसऱ्या भजनाची वाट बघत होतो. तिसरं भजन आलं, सगळे मागं म्हणले, आणि पुढं गेले. परत लावलं. परत गेले.

"तुझी माय कुठंय ह्याच्यात?" मी म्हणलो.

तिला आधी काही कळेना. मी तोवर तिला सांगितलंच नव्हतं, त्या कॅसेटीत काय आहे ते. सांगायची लाज वाटली होती. आता सांगितलं. ती चपला घालायला उठली. दोघं तसेच चालत त्या स्टुडिओत गेलो.

तो म्हणला, "मामा, मागं लय कालवा होता. भांडी वाजायलीत, कुणीतरी बाई मधीमधी गुणगुणायली. डावी साईड पुरी खराब. म्हणून मी नुसती उजवीचीच घेतली अन् राहिलेलं साफ केलं. दोन घंटे घातले मी त्याच्यात."

"ती बाई माझी बायको हाय."

तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करायलो. "मंग काकूला आधीच सांगायचं होतं ना, गप बसा म्हणून!"

"सांगितलं होतं," मी म्हणलो. "बसली आता गप."

पोरीनं तोंड फिरवलं. त्या माणसानं गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मंग तो उठून पाणी घेऊन आला, स्वतः. म्हणला, "माफी करा मामा. कॅसेट हाय तशीच हाय. डावी साईड परत उतरून देतो. पैसे नक्को."

मी नको म्हणलो. त्याच्यावर राग नव्हता. त्यानं मी सांगितलं तेच केलं होतं. पण अजून एकतीस कॅसेटी होत्या. कॅसेट उतरवायची म्हणजे ती जेवढ्या वेळाची तेवढा वेळ वाजवावी लागते, घाई करता येत नाही. त्याची लग्नसराई. आणि दुसरं खरं कारण, मला तिला परत कुणाच्या हाती द्यायची नव्हती. खराब काय आणि चांगलं काय हे दुसऱ्यानं ठरवायचं नव्हतं. बेचाळीस वर्षं मी ठरवलं, तेवढं पुरे.

"हे घरी करता येतं का?" मी विचारलं.

"येतं की. टेप तुमच्याकडं हाय, लॅपटॉप ताईकडं हाय. मधी एक डबी लागते." त्यानं टेबलावरची डबी दाखवली. विटेएवढी, म्होरं भोकं, वर गोल बटनं. "ह्याला ऑडिओ इंटरफेस म्हणत्यात. टेपमधला आवाज हिच्यात जातो, ही त्याला कंप्युटरला समजंल असा करून देते. घरचा स्टुडिओ म्हणजे दुसरं काय न्हाई मामा, ही डबी अन् चार वायरी."

"मंग मला ही घ्यायची."

"ही म्हंजी कोणती? शंभर परकार हायत."

त्यानं कपाटातून दोन अजून काढल्या आणि तिन्ही म्होरं मांडल्या. मी आयुष्यात एवढा वेळ लावून बैलही बघितला नसेल. लहानी होती तिला एकच भोक. तो म्हणला, एकट्यानं माईकवर बोलणाऱ्याला ही बास. मी विचारलं, "टेपचा डावा अन् उजवा येगळा येगळा येईल का हिच्यात?" तर नाही. दोन्ही एकत्र कालवून येणार, नाहीतर एकच येणार. ती बाजूला ठेवली.

मोठीला आठ भोकं. पोरगी म्हणली, "दादा, आपल्याला काय ऑर्केस्ट्रा काढायचाय का?" ती बाजूला ठेवली.

मधली राहिली. दोन भोकं, भारी होती. तो तिचे गुण सांगायला लागला. "हिचं बेस्ट काय हाय माहितंय का, हिच्यासंगं जे मिळतं ना कंप्युटरमधी टाकायला, ते आवाज आपोआप साफ करतं. मागचा पंखा, गाडी, खरखर, सगळं गायब."

"ते साफ करणारं नको."

"मामा, लोक तेच मागत्यात."

"लोकाच्या बायका जित्या आसतील," मी म्हणलो.

तो खाली बघून म्हणला, "बंद ठेवता येतं ते. मी ताईला दाखवतो." आणि त्यानं दाखवलं. तिनं वहीत लिहून घेतलं.

मंग मी बटनाकडं आलो. भोकाच्या वर गोल बटन असतं, त्यानं आत येणारा आवाज कमीजास्त होतो. जास्त केला तर लाल दिवा लागतो आणि आवाज फाटतो. मी विचारलं, दोन्ही भोकांना एकच बटन का दोन? मधलीला एकच होतं. दोन्ही बाजू संगं वर, संगं खाली.

"मला दोन पाहिजेत. येगयेगळी."

"कशाला मामा? टेपच्या दोन साईडी तर सारख्याच लावायच्या आसत्यात."

"उजवीकडं मी हाव. डावीकडं ती. माझं कमी करायचं अन् तिचं वाढवायचं."

हे बोलताना मला स्वतःलाच कसंतरी झालं. हे करायला एक डबी विकत घ्यावी लागावी, आणि तेही आता. त्या माणसानं एकदा पोरीकडं बघितलं. मंग तो उठला, आतल्या खोलीतून त्याची स्वतःची जुनी डबी घेऊन आला. दोन भोकं, दोन बटनं. कोपरा घासून पांढरा पडला होता. म्हणला, नवी मागवायला आठ-दहा दिवस लागतील, ही चालू आहे, न्या. ह्या बटनाला हात लावू नका, ते माईकला करंट देतं, टेपला लागत नाही. टेपच्या हेडफोनच्या भोकातून ही वायर घ्या, तिची दोन तोंडं होतात, लाल ते उजवं, पांढरं ते डावं. आणि परत वाजवायच्या आधी कॅसेटीची पट्टी मी सरळ करून देतो. चुरगळली होती ती जागा त्यानं भिंग घेऊन नखानं दाबून सरळ केली. माझ्यासमोर केली.

मी नवीचे पैसे देत होतो. त्यानं जुनीचेच घेतले.

रविवारी पोरगी सकाळच्या गाडीनं पूर्णेला आली, लॅपटॉप घेऊन. मी आधीच तयारी करून ठेवली होती. स्वयंपाकाच्या खोलीत टेबल लावलं होतं, खिडकीवर बायकोच्या हातची गोधडी खिळे मारून टांगली होती आणि दाराला दुसरी. स्टुडिओत बघितलं होतं ना.

पोरगी दारात उभी राहून बघायला लागली. "दादा, हे काय केलाव?"

"बाहेरचा आवाज नको यायला."

"आवो, आवाज टेपमधून तारेनं यायलाय. इथं ढोल वाजवला तरी त्याच्यात जायचा न्हाई." ती हसायला लागली. हसता हसता गोधडीला हात लावला आणि हसायची थांबली. तिच्याच लहानपणच्या फ्रॉकची ठिगळं होती त्याच्यात. गोधडी मी काढली नाही. अजून तिथंच आहे.

वायरी लावल्या. साफ करणारं बंद आहे का, ते तिनं तीनदा बघितलं, मी चारदा विचारलं. हेडफोन मी घातला. ती बाजूला बसली, एक कान उघडा ठेवा म्हणली, मला पण ऐकू द्या. मंग आमी हेडफोन उलटा करून दोघांच्या मधी धरला, आणि तिनं डावा भाग घेतला. मी म्हणलो, "न्हाई, डावा मला दे." तिनं दिला.

उजवं बटन मी खाली आणलं. माझा गळा लांब गेला, जसा काय मी अंगणात गायलोय. डावं वर केलं, लाल दिवा लागायच्या अलीकडं. आणि आतली खोली आली. स्टोव्हचा फरफर आवाज. पाणी ओतलं. परातीत काहीतरी ठेवलं, हळू. मंग तिसरं भजन, आणि ती.

ती गुणगुणत नव्हती. गात होती. बारीक आवाजात, पण सगळं, शब्द न् शब्द. मी जिथं श्वासाला तुटायचो तिथं ती तुटत नव्हती. वरच्या सुराला मी थोडा खाली राहायचो, ती बरोबर तिथं जाऊन लागायची आणि माझी वाट बघायची. मला भजनातलं कळतं. माझ्यापेक्षा चांगली गायची ती. हे मला ती गेल्यावर कळालं, दुसऱ्याच्या जुन्या डबीतून.

"हिला हे कवा येत होतं?" मी म्हणलो.

पोरगी माझ्याकडं बघायलाच लागली. "दादा, तुमाला मालूम न्हाई? तुमी ड्युटीवर गेलाव की दिवसभर गायची की माय. भाकरी करताना, धुणं धुताना. मला झोपवताना हेच म्हणायची."

"मी आलो की?"

"तुमी आलाव की गप."

पालमकडची होती ती. तिच्या माहेरी देवळाला लागून घर होतं, तिथं ऐकून ऐकून शिकली असेल. मी विचारलं नव्हतं. आणि तिनंही आपल्या होऊन कधी सांगितलं नाही.

टेप चालूच होता. पाचवं म्हणजे गवळण होती. तिच्यात ती जरा मोकळी झाली, आवाज वर आला. ताट धरून ताल देत होती वाटतं, बोटांनी, टकटक टकटक. आणि मंग भजन मधीच थांबलं. पेटी थांबली. उजवीकडून माझा आवाज आला, मोठा, सगळं फाडत. लाल दिवा लागला.

"ए! गप की गं! कळत न्हाई का, टेप चालू हाय! सगळी खराबी करून ठेवली!"

कुणीतरी हसलं. मृदंगवाला असेल. मंग थोडा वेळ नुसता स्टोव्ह. आणि मंग डावीकडून ती म्हणली, "बरं."

एवढंच. रागानं नाही. रडून पण नाही. मीठ संपलं आहे म्हणून सांगितल्यावर म्हणायची, तसं.

पोरीनं टेप बंद केला. ती उठून मागल्या अंगणात गेली आणि लय वेळ आली नाही. मी हेडफोन हातात धरून बसलो. माझ्यावर चिडली असेल तर चिडू दे, असं वाटलं. पण आली ती चहा करून.

राहिलेल्या एकतीस कॅसेटी उतरवायला आमाला अडीच महिने लागले. दर रविवारी ती यायची. मी नंबर टाकले होते, तारखा झाकणावर होत्याच. तिचं गाणं होतं ती कॅसेट सुरुवातीची होती, तिसरी. पहिल्या दोनींत ताट पडतं, मी वरडतो, एवढंच. मला आशा होती की पुढच्या एखादीत तरी ती असंल. डावं बटन पार वर करून मी एकेक ऐकली. गाडीच्या शिट्ट्या आहेत. मृदंगवाल्याचा खोकला वाढत गेलेला ऐकू येतो. माझा गळा खराब होत गेलेला ऐकू येतो. तिचा आवाज नाही. चौथ्या कॅसेटीपासून बत्तिसाव्यापर्यंत एकदाही नाही. ताट नाही, पळी नाही. मला पाहिजे होतं तसं सोच्छ.

चौदाव्या का पंधराव्या कॅसेटीला मी पोरीला म्हणलो, "निदान बांगड्या तरी वाजल्या पाहिजेत. डझन डझन घालायची ती. चहा करताना बांगडी वाजत न्हाई आसं व्हतं का?"

तिनं टेप थांबवला. मंग म्हणली, "रविवारी माय हाताला फडकं बांधायची, आठवतंय का?"

मला आठवत होतं. दोन्ही हातांना, मनगटापासून वर, धोतराच्या फाटक्या पट्ट्या. मी एकदा विचारलं होतं, हात दुखतो का? तर ती हौ म्हणली होती. मी स्टेशनावरून मलम आणून दिलं होतं. त्याचा मला अभिमान होता, बायकोला मलम आणून देणारा माणूस म्हणून. गँगमधी सांगितलं होतं.

"बांगड्या वाजू नये म्हणून बांधायची," पोरगी म्हणली. "मी बांधून द्यायची. एका हातानं गाठ येत न्हाई ना."

ते मलम तिनं काय केलं, देव जाणे.

एक मात्र सापडलं. प्रत्येक कॅसेटीत गवळण संपली की लगेच दार कुरकुरतं आणि कपबश्या खाली ठेवल्याचा आवाज येतो, हळूच. बरोबर गवळण संपल्यावर. आधी नाही, नंतर नाही. मी कधी तिला सांगितलं नव्हतं, आता आण म्हणून. म्हणजे आत बसून ती सगळं ऐकत होती, तोंड मिटून. मनात म्हणत असेल का? ते कोणत्याच भोकातून येत नाही.

आता वर्षश्राद्ध आलं आहे. पाव्हणे येतील, पालमकडचे येतील. पोरगी म्हणली, माय गायलेलं तेवढं काढून आपण सगळ्यांना ऐकवू, मोबाईलवर पण देता येईल. तिला आता ते सगळं करता येतं. मागच्या रविवारी तिनं तिसरं भजन आणि गवळण वेगळी काढली. मंग मला म्हणली, "दादा, तुमचं ते वरडणं कापू का?"

"काप," मी म्हणलो. "लोकासमोर कशाला."

तिनं कापलं. दोन मिनिटांचं काम. परत लावलं. गवळण चालू आहे, ती मोकळी होऊन गायली आहे, ताटावर टकटक चालू आहे, आणि एकदम बंद. स्टोव्ह. आणि "बरं."

आमी दोघं ऐकून बसलो. पोरीनं परत लावलं. परत तेच. काही कारण नाही, कुणी काही बोललेलं नाही, आणि बाई गाता गाता गप होते आणि आपली आपणच बरं म्हणते. ऐकणाऱ्याला वाटंल, तिचंच मन झालं थांबायचं.

"ते 'बरं' पण कापू का मंग?" पोरीनं विचारलं. "नुसतं गाणं ठेवू."

ते एक 'बरं' तेवढंच माझ्याशी बोललेलं होतं त्या बत्तीस कॅसेटींत. बाकीचं गाणं देवाला होतं.

"न्हाई," मी म्हणलो. "माझं वरडणं परत घाल. हाय तसं."

"दादा, पाव्हण्यासमोर?"

"पाव्हण्यासमोर. मी वरडलो म्हणून ती बरं म्हणली. नुसतं 'बरं' ठेवलं तर कुणाला म्हणली ते कसं कळंल?"

तिनं घातलं.